चिंचेखालची पेटी

आमच्या मंडळीचे साप्ताहिक पत्रक एका पानाचे असते. पुढच्या बाजूस पाळकाचे चिंतन, मागच्या बाजूस मंडळीचे वर्तमान. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी बाळ झाले, परतवाड्याच्या कोणत्या कुटुंबात लग्न ठरले, येत्या रविवारी शास्त्रपाठ कोण वाचणार, चर्च झाडण्याची पाळी कोणाची. मी या मंडळीचा पाळक झालो तेव्हापासून हे पत्रक लिहीत आलो आहे. गुरुवारी सकाळी मी ते हाताने लिहितो. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक सेविकाबाई ते संगणकावर टाइप करतात. शुक्रवारी मी बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्या प्रती काढून आणतो. चिखलदऱ्याच्या आणि तेल्हाऱ्याच्या ज्या कुटुंबांना दर रविवारी अमरावतीस येणे जमत नाही, त्यांना ते फोनवर जाते. म्हातारी माणसे मात्र कागदच मागतात.

लोक आधी मागची बाजू वाचतात. त्याचा मी कधी राग मानला नाही. शेजारच्या माणसाचे दुखणे कळणे हाही उपासनेचाच भाग आहे. पुढची बाजूही ते वाचतात, पण निराळ्या हेतूने. चिंतन कोणावर लिहिले आहे, हे त्यांना शोधून काढायचे असते. लहान मंडळीत हे टळत नाही. मी मिठाविषयी लिहिले, तर ज्या घरात सासूसुनांचे बोलणे बंद आहे त्या घराकडे माना वळतात. दिव्यातल्या तेलाविषयी लिहिले, तर उपासनेस उशिरा येणारे कुटुंब आठवडाभर मला सलाम करत नाही. एकदा मुंग्यांविषयी लिहिले. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दारात उभे राहिले.

"पाळकसाहेब, माह्या पोराले नोकरी नाई भेटून राह्यली, त त्याच्यात त्याचा काय दोष?"

त्यांचा मुलगा माझ्या मनातही नव्हता. मुंग्या माझ्या साखरेच्या डब्यात झाल्या होत्या.

झेरॉक्सच्या दुकानदारालाही ही खोड लागली होती. तो आमच्या मंडळीचा नव्हे. मी सलाम म्हणतो, तो जय भीम म्हणतो, आणि यंत्रातून पहिली प्रत निघाली की ती हातात घेऊन आधी स्वतः वाचतो.

"बोला साहेब, या हप्त्यात कोनाले धुतलं?"

"कोणालाही नाही."

"तुमी दर टाइमाले हेच सांगता."

ज्या पत्रकाविषयी मला येथे लिहायचे आहे, ते वाचून तो म्हणाला होता, "हे त आमच्या वार्डातल्या पुढाऱ्यावर हाय. बेस केलं." मी हसलो नाही, पण मनात बरे वाटले. ज्याच्याविषयी ते लिहिले होते, तो माणूस कोणाच्या लक्षात येणार नाही, असे मला वाटले.

तो माणूस मी होतो.

आमच्या पद्धतीत बिशप नसतो. मंडळीचा कारभार निवडलेले वडीलजन पाहतात, आणि आसपासच्या सर्व मंडळ्यांवर त्यांची एक सभा असते, तिला आम्ही प्रेस्बिटरी म्हणतो. पाळकाला आपल्या मर्जीने पद सोडता येत नाही. त्याने अर्ज करायचा, आणि प्रेस्बिटरीने त्याला मोकळे करायचे. मोकळे करीपर्यंत ती गोष्ट वडीलजनांच्या बैठकीबाहेर जाऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. दंडक योग्य आहे. पाळक जाणार म्हटले की मंडळीत दोन तट पडतात, आणि नवा माणूस येण्याआधीच त्याचे शत्रू तयार होतात.

मी अर्ज केला होता. गुडघे उभे राहू देत नव्हते. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. याहून मोठे कारण असे, की माझ्यासमोर कोणी बोलेनासे झाले होते. वडीलजनांच्या बैठकीत मी एखादे मत मांडले की चर्चा तेथेच संपे. तरुण माणसे माझ्याकडे पाहून मान डोलवीत आणि बाहेर जाऊन वेगळे बोलत. त्यांचा दोष नव्हता. फार वर्षे एकाच माणसाचा शब्द चालला, की इतरांना शब्द काढण्याची सवय उरत नाही. प्रेस्बिटरीची सभा नाताळाआधी अकोल्यास भरायची होती. तोवर मंडळीची मने थोडी तयार करावीत, इतकाच माझा हेतू होता.

माझ्या लिहिण्याच्या मेजासमोर खिडकी आहे. खिडकीबाहेर चर्चच्या आवारातील चिंच. त्या गुरुवारी मी तिच्याविषयी लिहिले. चिंचेची सावली दाट असते, उन्हाळ्यात तिच्यासारखा आसरा नाही, पण तिच्याखाली गवत उगवत नाही. यात झाडाचा अपराध नाही. तरीही ज्याला बाग हवी आहे, त्याने आपली सावली कोठवर पडते ते पाहावे, आणि वेळ आली की फांद्या आवरून घ्याव्यात. असे ते चिंतन होते. भाषा नीट उतरली होती. मला समाधान वाटले.

मला ती चिंच माझ्या खिडकीतली वाटत होती. मंडळीला ती मास्तरांची वाटत होती.

मास्तरांविषयी सांगितले पाहिजे. ते मूळचे तेल्हाऱ्याकडचे, पेशाने शाळामास्तर, आणि माझ्या आधीपासून या मंडळीचे गायनप्रमुख. आमच्या गीतपुस्तकात गीतांचे शब्द छापलेले आहेत, चाली नाहीत. ओवीच्या, अभंगाच्या, घरातल्या जात्यावरच्या चालींवर बांधलेली ती जुनी गीते तोंडातोंडी चालत आली. त्या सगळ्या चाली मास्तरांच्या गळ्यात होत्या. दुसऱ्या कोणाजवळ त्या पुऱ्या नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी ते पेटी घेऊन चिंचेखाली सतरंजीवर बसत, आणि ज्याला शिकायचे असेल त्याने यावे, असा त्यांचा रिवाज होता. पूर्वी पुष्कळ जण येत. मग कमी झाले. तरुणांनी एक कीबोर्ड आणला होता आणि नव्या धर्तीची गीते म्हणावीत असा त्यांचा आग्रह होता. मास्तरांनी ते चालू दिले नाही. त्यांना वडीलजन होण्यास आम्ही एकदा विचारले होते. "गानं आन कारभार एका जागी नको," असे म्हणून त्यांनी नाकारले. त्यामुळे माझा अर्ज त्यांना ठाऊक नव्हता.

त्या रविवारी मास्तर नेहमीप्रमाणे लवकर आले. पेटीजवळ बसून त्यांनी पत्रक वाचले. मागची बाजू वाचली, पुढची वाचली, मग पुढची पुन्हा वाचली. कागदाची घडी करून खिशात ठेवली. उपासनेत त्यांनी सर्व गीते म्हटली. एकही सूर ढळला नाही. आशीर्वचन झाल्यावर लोक बाहेर पडत असताना त्यांनी पेटीचा भाता मिटला, खोळ घातली, आणि ती जागच्या जागी ठेवून रिकाम्या हाताने निघून गेले. पेटी ते एरवी घरी नेत असत.

आवारात लोक उभे होते. त्यांचे बोलणे माझ्या कानांवर आले.

"बसलं बरोबर."

"अशी चिंच झोडपली पाळकसाहेबानं, सगळे आकडे खाली."

"मास्तरचं तोंड पाह्यलं का तुनं?"

"पाह्यलं ना. पन खरं सांगू काय, मले वाईट वाटलं."

"वाईट काय त्याच्यात? किती साल एकाच मानसानं गाव?"

कीबोर्ड वाजवणारा तरुण, एका वडीलजनांचा मुलगा, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "थँक यू, पाळकसाहेब. आमच्याने बोलणं झालं नसतं."

"कशाबद्दल?" मी विचारले. तो हसला. मी मुद्दाम अजाणतेपणा पांघरला आहे, असे त्याला वाटले. तोवर मला काय झाले ते उमगले होते.

मी त्याच दिवशी मास्तरांकडे गेलो. ऊन होते. त्यांच्या अंगणात संत्र्याची दोन झाडे आहेत. ते त्यांच्या आळ्यातील माती उकरत होते. मला पाहून उठले आणि हात धुतले. मास्तरीणबाईंनी खुर्ची ठेवली, पण नेहमीसारखे बसा म्हटले नाही.

"पाळकसाहेब, एवढ्या उन्हात कावून आले?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, ते चिंतन तुमच्यावर लिहिलेले नाही."

"बरं."

"मी खरे सांगतो आहे."

"मंग कोनावर लिवलं?"

मी उत्तर दिले नाही. दंडक होता. शिवाय मी दिलेला शब्द होता. वडीलजनांना मी स्वतः बजावले होते, की घरच्या माणसांजवळही बोलू नका. मास्तर खाली बसले आणि पायाला लागलेली माती झाडू लागले.

"तुमाले खोटं बोलता येत नाई," ते म्हणाले. "चांगली गोष्ट हाय. नका बोलू."

"मास्तर, काही गोष्टी मला आज सांगता येत नाहीत. थोडे दिवस थांबा."

"मी कुठी चाललो? अथीच हाव."

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवताना त्या म्हणाल्या, "साखर कमी असन तर सांगा. आमाले आजकाल मापच समजून नाई राह्यलं. कुठी किती पसराव, कुठी आवराव."

"बस झालं," मास्तर त्यांना म्हणाले.

"मी साखरेचं बोलून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी चहा घेतला. पुढच्या शनिवारी पेटी घेऊन बसावे अशी विनंती केली. शनिवारी चिंचेखाली सतरंजी पडली नाही. रविवारी ते सहकुटुंब उपासनेस आले आणि शेवटच्या बाकावर बसले. पेटी खोळीतच राहिली. कीबोर्ड वाजला.

नाताळाआधी मी अकोल्यास गेलो. प्रेस्बिटरीने माझा अर्ज वाचला. तीन मंडळ्या पाळकाविना होत्या. एका मंडळीत रविवारी वडीलजनच पाळीपाळीने उपदेश करीत होते. अध्यक्षांनी मला आदराने सांगितले, की माणूस मिळेपर्यंत आपण राहावे. मी म्हटले, माझे गुडघे. ते म्हणाले, बसून उपदेश करा. अर्ज मतास टाकला गेला. मी राहावे असे ठरले. आज्ञा मोडण्याची माझी रीत नाही. मी परत आलो.

अर्ज निकालात निघाला होता, तेव्हा दंडक आता उरला नव्हता. बसमधून उतरून मी आधी मास्तरांकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सर्व सांगितले. अर्ज, सभा, निकाल, आणि चिंचेचे चिंतन कोणासाठी होते ते. अडकित्ता त्यांच्या हातात तसाच राहिला.

"म्हंजे झाड तुमी व्हते?"

"होय."

"आन आता राह्यलं कोन? झाडच!"

ते हसले. मोठ्याने हसले. आतून मास्तरीणबाई बाहेर आल्या. त्यांना मास्तरांनी पुन्हा सगळे सांगितले, आणि पुन्हा हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग त्या दिवशी सांगाले काय झालं व्हतं?"

"सांगता आले नाही."

"हो. नियम असन. तुमचे नियम लय पक्के असतात."

मी मास्तरांकडे वळलो. "या रविवारपासून पेटीवर बसा. मी पत्रकात खुलासा छापतो."

त्यांचे हसू थांबले. "छापू नका."

"का?"

"लोकाइले वाटन, मास्तर रुसला व्हता आन पाळकानं त्याची मनधरनी केली. नका छापू. मी सांगून ठेवतो."

"पण ते तुमच्यावर नव्हते, हे लोकांना कळले पाहिजे."

"पाळकसाहेब," ते म्हणाले, आणि अडकित्ता खाली ठेवला. "मी थे पत्रक घरी आनून लय वेळा वाचलं. तुमी माह्यासाठी नसन लिवलं. पन मले त थे लागू पडलं. आता पोट्टे गातात. सूर हालते त्याइचा, पन गातात. मी पेटीवर बसलो का पुन्हा थांबतीन. मले गळा हाय, म्हून त्याइचा उघडत नाई. हे मले तुमच्या कागदानं समजलं. तुमी सोतासाठी लिवलं, पन पटलं मले."

मी चाळीस शब्दांत सांगता येईल असा उपदेश आयुष्यभर लांबवून केला. तो ऐकून कोणी आपल्या जागेवरून उठलेले मी क्वचितच पाहिले. येथे एक माणूस उठला होता, आणि त्याने उठू नये अशी माझी इच्छा होती.

तरी मी म्हटले, "चाली जातील, मास्तर."

"ज्याले पाह्यजे त्यानं याव. मी घरीच हाव."

दोघेतिघे गेले. चिखलदऱ्याचे एक कुटुंब सुटीत येऊन बसले. सेविकाबाईंनी फोनवर काही गीते ध्वनिमुद्रित करून घेतली, पण मास्तर फोनसमोर अवघडत, आणि अर्ध्यावर थांबून विचारत, "चालू हाय का हे?" त्या मुद्रणात गीतापेक्षा तो प्रश्न अधिक ऐकू येतो. मीही गेलो. मला सूर नाही, हे त्यांना माहीत होते. ते मला शेजारी बसवून तुरीच्या शेंगा सोलायला देत.

त्यानंतरच्या एका प्रभुभोजनाच्या रविवारी मी एक जुने गीत लावले. प्रभूच्या स्मरणाची भाकर फिरवली जाते तेव्हा म्हणायचे, संथ, ओवीच्या चालीवरचे. कीबोर्ड गप्प राहिला. त्या तरुणाला ती चाल ठाऊक नव्हती. मंडळीने पहिले कडवे कसेबसे धरले. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढते, तेथे सर्व थांबले. वडीलजन ताटे हातात घेऊन उभे होते. मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. मंडळीतील पुष्कळांनी मान वळवून तिकडेच पाहिले. मास्तरांचे ओठ मिटलेले होते. उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर ताल देत होती. मी वाट पाहिली. मग पुढच्या बाकावरून परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने आवाज लावला. चाल चुकली होती. तिने ती खालीच ठेवली. पण ती थांबली नाही, आणि लोक तिच्या मागे गेले.

उपासनेनंतर मी मास्तरांना विचारले, "तुम्हाला येत होते. सुरुवात का केली नाही?"

"तोंड उघडलं असतं त सगळे माह्याच मांगं आले असते."

"चाल चुकली."

"चुकली. पन तिची हाय." त्यांनी पुढे पाहिले. ती मुलगी आवारात मैत्रिणींत उभी होती. "आवाज बरा हाय पोट्टीचा. तिले म्हना, श्वास पोटातून घे."

मी तिला निरोप दिला. मास्तरांनी सांगितले, असेही सांगितले. ती म्हणाली, "मास्तर बोलले? मला वाटलं, ते रागावले असतील." मी तिला म्हटले, ते रागावलेले नाहीत. तिने मान डोलवली. माझ्यासमोर सर्व जण मान डोलवतात.

आता ते गीत आमच्या मंडळीत त्याच चालीवर म्हटले जाते. दुसऱ्या कडव्यात वर चढणे होते, हे लहान मुलांना ठाऊक नाही. माझ्या कानात ती जुनी चाल आहे. पण ती माझ्या गळ्यातून निघत नाही. ती तेथे असून कोणाच्या उपयोगाची नाही.

यंदा पाऊस संपल्यावर मास्तरीणबाईंची दृष्टी फार मंदावली. मुलगी अकोल्यास असते. तिने दोघांना तिकडे नेले. निघण्याआधी मास्तर मला भेटायला आले. आम्ही चिंचेखाली उभे राहिलो. ती छाटलेली नाही. आवाराच्या भिंतीपर्यंत तिची सावली जाते.

"पाळकसाहेब, मानूस भेटला का नाई तुमच्या प्रेस्बिटरीले?"

"नाही."

"मंग आता तुमीच बसून गाजवा."

"तिकडच्या मंडळीत पेटी आहे. त्यांना शिकवा."

"पाहू. मांगच्या बाकावर जागा असली म्हंजे झालं." मग पेटीविषयी विचारले. ती कपाटात आहे, असे मी सांगितले. "भात्याले उंदीर लागतात. कापूर ठेवत जा," ते म्हणाले. मी ठेवतो.

त्यांनी पत्रकात खुलासा छापू नका असे सांगितले होते. मी छापला नाही. हे पत्रक नव्हे, म्हणून येथे लिहिले. मंडळीतील बहुतेक लोक अजून असेच मानतात, की पाळकाने एका चिंतनाने मास्तरांना बाजूस केले. काही जण त्याबद्दल माझे कौतुकही करतात. मी त्यांची समजूत दुरुस्त करतो. त्यांचा विश्वास बसत नाही. पाळक नम्रपणाने बोलतो आहे, असे त्यांना वाटते.

मास्तर अकोल्यास गेल्यानंतरच्या गुरुवारी मी वर्तमानाची बाजू लिहावयास घेतली. वाक्य ठरलेले आहे. मंडळीतून कोणी गेले, की तेच लिहितो. आमचे गायनप्रमुख मास्तर व मास्तरीणबाई अकोल्यास मुलीकडे राहण्यास गेले असून त्यांचे सभासदत्व तेथील मंडळीकडे पाठविण्यात आले आहे. 'आमचे गायनप्रमुख' हे शब्द मी अधिक घातले. त्यापुढे आणखी काही लिहावे म्हणून खाली जागा सोडली, आणि दुपारपर्यंत ती तशीच राहिली. शेवटी कागद तसाच सेविकाबाईंकडे पाठवला.

रविवारी पत्रक हातात आले तेव्हा पाहिले. जागा मोकळी दिसत होती, म्हणून बाईंनी तेथे चर्च झाडण्याच्या पाळ्या टाकल्या होत्या.